पाळलेले आणि खाल्लेले : 'कार्निझम'च्या सिद्धान्ताची मालवण किनाऱ्यावरून चिकित्सा

प्रास्ताविक

मनुष्य काही प्राण्यांना घरात घेतो आणि काही प्राण्यांना ताटात घेतो. ही निवड कोणत्या आधारावर होते आणि त्या आधाराला नैतिक म्हणता येईल काय, हा प्रश्न गेल्या अर्धशतकात पाश्चात्त्य नीतिशास्त्रात गंभीरपणे चर्चिला गेला आहे. प्राण्याला विचार करता येतो की नाही हे महत्त्वाचे नसून त्याला वेदना होते की नाही हे महत्त्वाचे आहे, असा मुद्दा जेरेमी बेंथम यांनी १७८९ मध्ये मांडला होता. रिचर्ड रायडर यांनी १९७० मध्ये 'स्पीशिसिझम' म्हणजे प्रजातिवाद ही संज्ञा वापरली. पीटर सिंगर यांच्या 'अ‍ॅनिमल लिबरेशन' (१९७५) या ग्रंथाने ती सर्वदूर नेली. टॉम रेगन यांनी १९८३ मध्ये वेदनेच्या हिशेबाऐवजी प्राण्यांच्या हक्कांची भूमिका घेतली. या परंपरेत मेलनी जॉय या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ महिलेने २०१० मध्ये 'व्हाय वुई लव्ह डॉग्ज, ईट पिग्ज, अँड वेअर काऊज' हा ग्रंथ लिहिला. त्यात कुत्र्यावर प्रेम, डुकराचे भोजन आणि गाईचे कातडे या तिहेरी विसंगतीलाच त्यांनी हात घातला. मांसाहाराला आधार देणाऱ्या अदृश्य विचारप्रणालीला त्यांनी 'कार्निझम' असे नाव दिले आहे.

प्रस्तुत लेखात जॉय यांच्या सिद्धान्ताची चिकित्सा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण किनाऱ्याच्या संदर्भात करण्याचा प्रयत्न आहे. मासेमारी हा या किनाऱ्याचा प्रमुख व्यवसाय आहे आणि मासळी हे येथील रोजचे अन्न आहे. कोंबडी-वडे हा येथील पाहुणचार आहे, तर कासवाचे संवर्धन ही येथील अलीकडची ओळख आहे. त्यामुळे पाळणे, मारणे आणि वाचवणे या तिन्ही क्रिया येथे एकाच वाळूवर घडतात. परदेशी सिद्धान्ताची परीक्षा घेण्यास असे ठिकाण उपयुक्त ठरावे.

सिद्धान्ताचे स्वरूप

जॉय यांची मांडणी एका कल्पित प्रसंगाने सुरू होते. मेजवानीत पाहुण्याला आवडलेला रस्सा कुत्र्याच्या मांसाचा आहे असे सांगितले, तर त्याच्या मनात किळस उत्पन्न होते. पदार्थ तोच, चव तीच; बदलते ती केवळ प्राण्याविषयीची धारणा. यावरून जॉय असे अनुमान काढतात की, खाद्य आणि अखाद्य यांतील भेद प्राण्याच्या ठिकाणी नसून खाणाऱ्याच्या मनोरचनेत आहे. ही मनोरचना टिकते ती अदृश्यतेमुळे. कत्तलखाने वस्तीपासून दूर असतात, प्राण्यांना नाव नसते, मांसाला प्राण्याहून वेगळे नाव असते. शिवाय मांसाहार हा सर्वसामान्य, नैसर्गिक आणि आवश्यक आहे, ही तीन समर्थने लहानपणापासून मनावर ठसवली जातात.

या मांडणीचे बळ नाकारता येत नाही. खाद्य-अखाद्य भेद प्राण्याच्या बुद्धीवर किंवा वेदनाक्षमतेवर उभा नाही, हे तिने नेमके दाखवले आहे. डुक्कर कुत्र्यापेक्षा मंद नसते आणि बोकडाला मांजरापेक्षा कमी वेदना होत नाहीत. प्रश्न उरतो तो अदृश्यतेचा. जेथे वध दृष्टीआड नाही, तेथे हा सिद्धान्त किती लागू पडतो?

दृश्य वध आणि भाषा

मालवण, देवगड, वेंगुर्ला या तालुक्यांतील खेड्यांत कोंबडी अंगणात वाढते. तिला दाणे घालणारा हात आणि तिला कापणारा हात पुष्कळदा एकाच घरातला असतो. गावराहाटीत राखणदाराला कोंबडा देण्याची प्रथा अनेक गावांत आहे. तेथे वध लपवला जात नाही. तो नेमल्या दिवशी, नेमल्या ठिकाणी, गावाच्या साक्षीने होतो. रापणीच्या वेळी जाळे किनाऱ्यावर ओढले जाते, तेव्हा वाळूवर तडफडणारी मासळी लहान मुलेही पाहतात. ज्या समाजात मृत्यू असा उघड्यावर आहे, तेथे 'माहीत नसल्यामुळे खातात' हे स्पष्टीकरण अपुरे पडते. येथील माणूस माहीत असूनही खातो.

भाषेचा पुरावाही हेच सांगतो. इंग्रजीत गाय आणि तिचे मांस, डुक्कर आणि त्याचे मांस यांना निरनिराळे शब्द आहेत. मालवणी थाळीत मात्र कोंबडी ही कोंबडीच राहते. बांगडा समुद्रातही बांगडा आणि ताटातही बांगडाच असतो. 'मटण' आणि 'चिकन' हे शब्द इंग्रजीतून आलेले आहेत. अंगणातली ती कोंबडी आणि दुकानातले ते चिकन, असा भेद बोलण्यात रूढ झाला तो कोंबडी अंगणातून निघून गेल्यानंतर.

'पाळीव' हा शब्द याहून महत्त्वाचा आहे. इंग्रजीत लाडाचा प्राणी आणि उत्पादनाचा प्राणी यांसाठी दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत दोघेही पाळीवच. कुत्रा पाळतात, गाय पाळतात, कोंबड्याही पाळतात. 'पाळणे' हे क्रियापद येथेच थांबत नाही. शब्द पाळतात, व्रत पाळतात, वेळ पाळतात, सुतकही पाळतात. प्रत्येक ठिकाणी स्वतःला बांधून घेण्याचा अर्थ आहे. त्यामुळे मराठी भाषेच्या दृष्टीने 'हा प्राणी लाडाचा की कामाचा' हा प्रश्न दुय्यम ठरतो. 'पाळणाऱ्याने काय पाळले' हा प्रश्न प्रथम येतो. जॉय यांच्या सिद्धान्तात प्रेम आणि उपभोग ही दोन टोके आहेत. त्यांच्या मधली बांधिलकीची जागा तेथे रिकामी आहे.

मराठी साहित्यातील साक्ष

ही मधली जागा मराठी साहित्याने पूर्वीपासून ओळखली आहे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) मधील 'मोरी गाय' हे प्रकरण कोकणातील घरगुती गाईविषयीचे आहे. मोरी दूध देते, म्हणजे ती उत्पन्नाचे साधन आहे. तरीही आईचा तिच्याशी असलेला जिव्हाळा आणि तिच्या मृत्यूचे दुःख घरातल्या माणसाच्या मृत्यूसारखेच व्यक्त झाले आहे. उपयुक्तता आणि ममता येथे परस्परविरोधी नाहीत. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी' (१९५५) मधील धनगरांचेही तसेच आहे. मेंढरू हे त्यांचे धन आहे आणि सोबतीही आहे. दुष्काळात मेंढरे गेली की वाडीच उठते. माणसाचे जगणे प्राण्याच्या जगण्याला असे जखडलेले असते, तेव्हा 'वस्तू' ही कोटी पुरेशी ठरत नाही.

याउलट नागर जीवनातील विभागणी पु. ल. देशपांडे यांच्या दोन लेखांतून लक्षात येते. 'पाळीव प्राणी' मध्ये शहरी घरांतील प्राणिप्रेमाची विनोदी तपासणी आहे, तर 'माझे खाद्यजीवन' मध्ये भोजनाचा मनमुराद आनंद आहे. दोन्ही लेखांवर मराठी वाचकाने सारखेच प्रेम केले. पहिल्या लेखातील प्राणी दुसऱ्या लेखाच्या पंगतीत कधी येऊन बसत नाहीत, याची चुकचुक कुणाला लागली नाही. जॉय ज्या मनोरचनेविषयी बोलतात ती हीच होय. ती शहरात दिसते, कारण शहरात पाळणे आणि खाणे यांचे मार्ग कोठेही एकमेकांना छेदत नाहीत.

परंतु ग्रामीण जिव्हाळ्याचे हे चित्र एकट्याने पूर्ण होत नाही. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये गावातील मेलेले जनावर कोणाच्या वाट्याला येते याचे चित्रण आहे. जिवंत गाय ज्या घराची लक्ष्मी असते, तीच गाय मेल्यावर ओढून नेण्याचे काम दुसऱ्याच वस्तीवर लादलेले असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२७ च्या महाड परिषदेत मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. पुढे १९४८ मधील 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा संबंध गोमांसाशी जोडला. भारतात पूज्य प्राणी आणि भोग्य प्राणी यांच्यामधली रेषा माणसामाणसांच्या मधूनही गेली आहे, हे त्यातून स्पष्ट होते. कार्निझमच्या सिद्धान्तात खाणारा हा एकसंध 'आपण' आहे. येथे तसा 'आपण' नाही. कोण मारतो, कोण खातो, कोण ओढून नेतो आणि कोण पूजा करतो, हे चार वेगळे समाजगट असू शकतात. प्राण्याविषयीची करुणा त्यांपैकी एका गटाविरुद्ध शस्त्र म्हणून वापरली जाण्याचा धोका म्हणूनच येथे कायम राहतो.

कायद्यातील प्राणी

हीच विसंगती कायद्यात आकड्यांनी लिहिलेली आढळते. १८६० च्या भारतीय दंडविधानात प्राण्याला ठार मारणे किंवा अपंग करणे हा मालमत्तेचे नुकसान करण्याच्या प्रकारातील गुन्हा होता. कलम ४२८ मध्ये १० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचा प्राणी अभिप्रेत होता. कलम ४२९ मध्ये हत्ती, उंट, घोडा, म्हैस, बैल, गाय यांची नावे होती आणि इतर प्राण्यांसाठी ५० रुपयांची मर्यादा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये किमतीची अट गेली आणि कोणत्याही प्राण्यासाठी पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आली. तरीही हा गुन्हा मालमत्तेच्या नुकसानीच्याच प्रकरणात राहिला. १९६० च्या प्राणी क्रौर्य प्रतिबंधक अधिनियमात मनुष्येतर प्रत्येक सजीव प्राणी 'प्राणी' ठरतो, त्यामुळे मासाही त्यात येतो. मात्र अन्नासाठी केलेला वध, अनावश्यक यातना दिल्या नसतील तर, त्यातून वगळला आहे. 'अनावश्यक' या एका शब्दावर सगळा भार पडतो.

गोवंशाच्या बाबतीत रेषा आणखी वेगळ्या प्रकारे आखली गेली. महाराष्ट्र प्राणी संरक्षण अधिनियमातील दुरुस्तीने २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या वधावरही बंदी आली. म्हैस बंदीबाहेर राहिली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. चहात ज्यांचे दूध पडते त्या संकरित गाई आणि म्हशी या सन्मानात नाहीत. दूध, वेदना आणि श्रम यांचा विचार केला तर हा भेद टिकत नाही. तो प्रतीकाच्या पातळीवरचा आहे. विशेष म्हणजे रत्नागिरीत स्थानबद्ध राहिलेल्या वि. दा. सावरकरांनी गाय उपयुक्त पशू म्हणून पाळावी, देवता म्हणून पुजू नये, अशी भूमिका घेतली होती. भातशेतीत यंत्र आल्यावर म्हाताऱ्या बैलाचे काय करावे हा प्रश्न मात्र उपयुक्ततेच्या भूमिकेलाही सुटत नाही आणि पूजेच्या भूमिकेलाही सुटत नाही. कायद्याने वध थांबवला. पाळण्याचा खर्च ज्याच्या दावणीला बैल आहे त्याच्यावरच राहिला.

कासव : रेषा सरकते तेव्हा

ही रेषा हलू शकते याचा ठोस दाखला कोकण किनाऱ्यावर आहे. ऑलिव्ह रिडले जातीचे मादी कासव वाळूत खड्डा करून सुमारे शंभर अंडी घालते आणि समुद्रात परतते. ही अंडी पूर्वी खाण्यासाठी आणि विकण्यासाठी नेली जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने कासवाला संरक्षण दिले, पण वाळूवर त्याचा परिणाम उशिरा दिसला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे घरटी राखण्याचे काम सुरू केले. सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यातील वायंगणी, देवगड तालुक्यातील तांबळडेग अशा गावांत स्थानिकांनी हे काम हाती घेतले. अंडी कुंपणाच्या आत हलवली जातात आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले समुद्राकडे सोडली जातात. ज्या वाळूतून अंडी उकरली जात, तेथेच त्यांची राखण होऊ लागली.

या बदलात कासव बदललेले नाही. त्याची बुद्धी वाढली नाही, त्याची वेदनाक्षमता नव्याने सिद्ध झाली नाही. बदलले ते गावाचे त्याच्याशी असलेले नाते. याचा अर्थ जॉय यांचे मूळ निरीक्षण, म्हणजे भेद प्राण्यात नसून धारणेत आहे हे, येथे खरे ठरते. मात्र धारणा बदलण्याची त्यांनी सुचवलेली रीत येथे दिसत नाही. डोळ्यांवरचा पडदा दूर करून हा बदल झाला नाही, कारण पडदा नव्हताच. कायदा, संस्थेची चिकाटी, गावाचा सहभाग आणि पर्यटनातून मिळणारे चार पैसे यांच्या मिश्रणातून तो झाला. २०१८ च्या अखेरीस राज्य शासनाने संरक्षित सागरी जीव जाळ्यातून सोडवताना जाळे कापावे लागल्यास मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली. करुणेचा खर्च एकट्या गरिबाने सोसू नये, हे तत्त्व त्यामागे आहे. बैलाच्या बाबतीत जे सुटले, ते कासवाच्या बाबतीत काही प्रमाणात साधले.

तथापि येथेही एक शंका उपस्थित होते. कासव ताटातून सुटले, पण महोत्सवात आले. पिल्ले सोडण्याचा क्षण हा आता पाहण्याचा, छायाचित्राचा आणि निवास-न्याहारीचा विषय झाला आहे. उत्पन्नाचा संबंध तुटलेला नाही. त्याचे रूप बदलले आहे. उत्पन्न थांबल्यास राखण टिकेल काय, या कसोटीवरच नाते खरे की सोयीचे हे ठरेल.

माशाला चेहरा नाही

कासवाच्या कथेपेक्षा अवघड प्रश्न माशांचा आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पर्यटक पाण्यात उतरून प्रवाळांतले रंगीत मासे पाहतो, त्यांच्या सौंदर्याने हरखतो आणि किनाऱ्यावर येऊन सुरमईची थाळी मागवतो. १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्रावर मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले, तेव्हापासून स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला आहे. पाहण्याचा मासा आणि पकडण्याचा मासा एकाच पाण्यात राहतो, हे त्या संघर्षाचे मूळ आहे. २०२३ मध्ये रुपेरी पापलेट, म्हणजे किनाऱ्यावरचा सरंगा, हा महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. राज्यप्राणी शेकरू किंवा राज्यपक्षी हरियाल यांच्या पंक्तीत बसलेला हा जीव बाजारात किलोने विकला जातो. यात विसंगती दिसते, पण त्या निर्णयामागे घटते उत्पादन आणि लहान पिल्लांची मासेमारी यांविषयीची चिंता होती. खाद्य असलेला जीव टिकला पाहिजे, अशी ती कबुली होती.

पर्ससीन जाळ्यांविरुद्ध मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी केलेला दीर्घ लढाही या दृष्टीने वाचला पाहिजे. २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले आणि २०१७ मध्ये केंद्राने प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी आणली. हा लढा प्रामुख्याने उपजीविकेचा होता, प्राण्यांच्या हक्कांचा नव्हता. तरीही 'किती घ्यावे' ही मर्यादा त्यात अंतर्भूत होती. प्राणिहक्काचा विचार प्रत्येक जीवाकडे स्वतंत्रपणे पाहतो. मच्छीमार थव्याकडे आणि हंगामाकडे पाहतो. जाळ्यात गुदमरणाऱ्या एका बांगड्याच्या दृष्टीने मात्र जाळे पारंपरिक की यांत्रिक याला फारसा अर्थ नाही. मर्यादेची नीती ही करुणेच्या नीतीची जागा घेऊ शकत नाही, हे मान्य केले पाहिजे.

अंगणातून पिंजऱ्याकडे

जॉय यांचा सिद्धान्त मालवण किनाऱ्याच्या भूतकाळाला लागू पडत नसला, तरी वर्तमानाला तो अधिकाधिक लागू पडू लागला आहे. १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली आणि पुढील दशकांत महाराष्ट्रात कोंबडीपालन हा उद्योग झाला. ब्रॉयलर जातीचा पक्षी सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास पोहोचतो. त्याला ना अंगण, ना उकिरडा, ना पहाटेचे आरवणे. पर्यटकांची वर्दळ वाढल्यावर कोंबडी-वड्यांची मागणी अंगणातल्या कोंबड्यांनी भागण्यासारखी राहिली नाही. पदार्थाचे नाव तेच राहिले आणि त्यामागचा प्राणी बदलला. 'पाळणे' या क्रियापदातून बांधिलकी गळाली आणि केवळ वजन उरले. हीच खरी अदृश्यता होय.

यावर जुन्या रीतीचा गौरव करून थांबणे सोपे आहे. परंतु अंगणातला कोंबडाही शेवटी कापलाच जातो. कापणाऱ्याने त्याला ओळखल्यामुळे सुरीची धार बोथट होत नाही. फरक पडतो तो मृत्यूपूर्वीच्या जगण्यात. तो फरक पक्ष्याच्या दृष्टीने लहान नाही. उलट शाकाहाराच्या दिशेने येणारा आक्षेपही तितकाच गंभीर आहे. मारणे टाळता येत असेल, तर चांगले जगवून मारणे हे समर्थन कसे ठरते? या आक्षेपाला पाळण्याची नीती संपूर्ण उत्तर देऊ शकत नाही. मात्र आक्षेप घेणाऱ्यानेही दुधाचा हिशेब द्यावा लागतो. दुधासाठी गाय किंवा म्हैस वितेच, आणि जन्मलेल्या पाड्याचे व रेड्याचे पुढे काय होते हा प्रश्न शाकाहारी ताटातूनही सुटत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, लाडाचा प्राणी आणि उत्पादनाचा प्राणी यांतील भेद प्राण्यांच्या गुणांवर आधारलेला नाही, हे जॉय यांचे प्रतिपादन मालवण किनाऱ्यावरील कासवाच्या उदाहरणानेही पुष्ट होते. दोन, हा भेद अज्ञानामुळेच टिकतो हे प्रतिपादन मात्र येथे टिकत नाही. मृत्यू समोर पाहणारा समाजही तो भेद करतो. तीन, भारतीय संदर्भात हा भेद जात, वर्ग आणि उपजीविका यांच्यापासून वेगळा काढता येत नाही. जो सिद्धान्त तो वेगळा काढतो तो अपुरा राहतो. चार, मराठीतील 'पाळणे' ही कल्पना प्रेम आणि उपभोग यांच्या मधली बांधिलकी दाखवते, आणि तिच्यावर टीकेची कसोटी उभी करता येते. ज्याचे दूध, मांस, श्रम किंवा दर्शन घेतले जाते त्या जीवाला त्याच्या जातीप्रमाणे जगण्यास अवसर मिळाला काय, टाळता येणारी वेदना टाळली काय, त्याचा वंश टिकेल इतकेच घेतले काय आणि या सर्वांचा खर्च कोणी सोसला, हे चार प्रश्न त्या कसोटीत येतात.

या कसोटीला ब्रॉयलरचा पिंजरा उतरत नाही. दारात साखळीने बांधून ठेवलेला लाडका कुत्राही उतरत नाही. अंगणातली कोंबडी आणि रापणीची मासळी काही प्रश्नांना उतरतात, काहींना उतरत नाहीत. मारण्याचा अधिकार मुळात माणसाला आहे काय, या प्रश्नाचे उत्तर ही कसोटी देत नाही. तो प्रश्न तिच्याआधीचा आहे आणि प्रत्येक खाणाऱ्याला तो स्वतंत्रपणे सोडवावा लागतो.